टिंबानंतरची मती

कांताबाई ओव्हाळांना आभार मानायची खोड आहे. खोडच म्हणायची, कारण पुण्यात राहून ही सवय टिकवणं सोपं नाही. हडपसरच्या गाडीतळावर बस थांबली की त्या कंडक्टरचे आभार मानतात आणि कंडक्टर म्हणतो, "पुढे सरका." किराणावाल्याला त्या म्हणतात, "बरं झालं बाबा, तुझ्याकडे वेलची मिळाली," आणि तो न बोलता ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीकडे बोट दाखवतो. कांताबाईंना त्याचं काही वाटत नाही. आपल्याला आयुष्यात न मागता पुष्कळ मिळालं, असा त्यांचा पक्का समज आहे, आणि चौसष्टाव्या वर्षी तो बदलायची त्यांना घाईही नाही.

मिळालं काय, तर माळवाडीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या. तीस वर्षं बालवाडीची नोकरी, त्यामुळे आज हडपसरात ज्याला त्याला त्या ‘अरे, तू तर चड्डी ओली करायचास’ असं म्हणू शकतात, आणि म्हणतातही. कचरू नावाचा नवरा. आणि भिंतीवर, घड्याळाखाली, चौकटीत घातलेलं एक प्रमाणपत्र.

ते प्रमाणपत्र बौद्धाचार्याचं आहे. बौद्ध घरांतली लग्नं, नामकरणं, गृहप्रवेश, कुणी गेलं तर जलदान, हे सगळं जो करवतो तो बौद्धाचार्य. त्यासाठी शिबिर करावं लागतं, वंदना पाठ असाव्या लागतात, परीक्षा द्यावी लागते. कांताबाईंनी सहा वर्षांपूर्वी हे सगळं केलं आणि त्या तुकडीत पहिल्या आल्या. पण प्रमाणपत्रं छापणाऱ्यानं ती घ्यायला पुरुषच येणार असं धरून ‘श्री.’ आधीच छापून ठेवलं होतं. मग शिबिरातल्या एका कार्यकर्त्यानं खिशातलं निळं पेन काढून पुढे ‘मती’ जोडलं. मधलं टिंब तसंच राहिलं. ‘श्री.मती कांताबाई कचरू ओव्हाळ.’

घरी आल्यावर कचरूंनी ते चष्मा लावून वाचलं, पाटी घेतली आणि लिहिलं, ‘श्री छापून मिळते. मती हातानं घालावी लागते.’

दोघं पुष्कळ हसले. कचरूंच्या हसण्याला आवाज नाही, नुसते खांदे हलतात. सात वर्षांपूर्वी घशात गाठ निघाली, स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याशी धरून बोलायचं एक यंत्र डॉक्टरांनी दिलं होतं, पण त्यातून येणारा आवाज कचरूंना आपला वाटेना. त्यांनी ते कपाटात ठेवलं आणि बायकोच्या बालवाडीतली लाल चौकटीची पाटी मागून घेतली. पाटीवर जागा कमी, त्यामुळे माणूस मोजकं बोलतो. आधीपेक्षा बरंच बरं बोलतो, असं कांताबाईंचं मत आहे.

आधी मात्र या माणसाचा आवाज म्हणजे ऐकत राहावा असा होता. कारखान्यात टर्नरची नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी बौद्धाचार्य. अठ्ठावीस वर्षं कचरूंनी लग्नं लावली, मुंढव्यापासून लोणी काळभोरच्या अलीकडेपर्यंत. प्रत्येक लग्नात कांताबाई त्यांच्या मागे, मेणबत्त्या आणि फुलांचं तबक घेऊन बसलेल्या. लोकांना वाटायचं, तबकासाठी बसल्यात. खरी गोष्ट अशी की मंगलाष्टकांच्या जागी म्हणायच्या जयमंगल गाथांमधली तिसरी, हत्तीची गाथा आली की कचरू हटकून अडकायचे. आठ गाथा पाठ, पण तिसरीचा पहिला शब्द म्हणून जिभेवर येत नसे. मग मागून कांताबाई हळूच तो शब्द सोडायच्या आणि गाडी पुढे जायची. अठ्ठावीस वर्षांत हे मांडवात कुणाला कळलं नाही. एवढं पाठ असलेली बाई मागे का बसते, हा प्रश्नही कुणाला पडला नाही.

पडला तो कचरूंनाच. ऑपरेशनला नेण्याच्या आदल्या दिवशी, आवाज होता तेव्हा त्यांनी जे शेवटचं महत्त्वाचं वाक्य उच्चारलं ते हे, "माझ्यामागं बसून फार झालं, आता शिबिराला नाव घाल." दवाखान्यातल्या माणसाला दुसरं काही सुचू नये, हे कांताबाई अजून विसरलेल्या नाहीत. त्यांच्या आभारांच्या यादीत ते वाक्य सगळ्यात वर आहे.

तर प्रमाणपत्र आलं, आणि लोकांनी कांताबाईंना बोलवायला सुरुवात केली. बाळाचं नाव ठेवायला बोलावलं, नव्या फ्लॅटमध्ये बोलावलं, म्हाताऱ्या बायका गेल्या तेव्हा बोलावलं. लग्नाला मात्र कुणी बोलावलं नाही. सहा वर्षांत एकदाही नाही. "तुमचं सगळं तोंडपाठ आहे हो बाई," लोक म्हणत, "आमचं काहीच म्हणणं नाही. पण पाहुणे काय म्हणतील?" पाहुणे हा एक विलक्षण माणूस आहे. तो कधी दिसत नाही, पण सगळ्या गोष्टींना त्याचीच हरकत असते. मग मुंढव्याहून एक तिशीतला पोरगा यायचा, मोबाइलमध्ये बघून गाथा वाचायचा, आणि कांताबाई समोरच्या खुर्चीत बसून त्याचे उच्चार मनातल्या मनात दुरुस्त करायच्या. जयंतीच्या कार्यक्रमात स्त्री-पुरुष समतेवरचं भाषण दरवर्षी त्यांचंच असे. टाळ्या भरपूर पडत. टाळ्या थांबल्या की कुणीतरी म्हणे, "बाई, जरा चहाचं बघता का?"

त्या बघत. घरी आल्यावर पातेली जरा जोरात आदळत, एवढंच.

आणि मग या मार्चमध्ये अक्षता आली. अक्षता म्हणजे शेजारच्या इमारतीतल्या बुद्धभूषण यांची मुलगी. कांताबाईंच्या बालवाडीत हिनं पहिलं अक्षर गिरवलं, आता मगरपट्ट्यातल्या कंपनीत पंधरा जणांची टीम सांभाळते. लोणी काळभोरच्या चेतनशी तिचं ठरलं होतं. दारातच चपला सोडत तिनं सांगून टाकलं, "बाई, मे महिन्यात लग्न आहे आणि ते तुम्ही लावताय. विचारत नाहीये, सांगतेय."

कांताबाईंनी तिला आधी खुर्चीत बसवलं, मग स्वतः बसल्या. शेवटी कचरूंनी पाटी पुढे केली, ‘चहा की सरबत?’

त्या दिवसापासून दोन खोल्यांत तालीम सुरू झाली. कांताबाई सकाळी स्वयंपाक आवरून मूर्तीसमोर उभ्या राहून गाथा म्हणत, कचरू खुर्चीत बसून फुटपट्टीनं लय धरत. बाई घाई करायला लागली की पट्टी उभी. तिसऱ्या गाथेशी आल्या की कचरू मुद्दाम उजवा हात नाकाशी नेऊन सोंड हलवून दाखवत, आणि कांताबाई म्हणत, "अहो, मला येते ती. तुम्हाला येत नव्हती." सून आली तेव्हा, नोकरी लागली तेव्हा, एवढंच काय मुलगा झाला तेव्हाही त्या इतक्या आनंदात नव्हत्या. हे त्या स्वतःच कबूल करत.

घोटाळा झाला तो पत्रिकेत. बुद्धभूषण तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. कागदावर असेल त्याच्याबाहेर एक अक्षर लिहायचं नाही, हा त्यांचा बाणा. पत्रिकेचा मजकूर करायला ते पॅड घेऊन आले आणि भिंतीवरच्या प्रमाणपत्रावरून नाव उतरवून घेतलं. एवढंच की ते मधलं टिंब त्यांना अशुद्ध वाटलं, ते त्यांनी गाळलं. पत्रिकेवर छापून आलं, ‘मंगल परिणय विधी : बौद्धाचार्य श्रीमती कांताबाई कचरू ओव्हाळ’.

आता आपल्याकडे नवरा असलेली ती सौभाग्यवती आणि नसलेली ती श्रीमती, हे कुणी शिकवत नाही पण सगळ्यांना येतं. सरकारनं सरसकट सगळ्यांना श्रीमती लिहायला घेतलं तरी लोकांच्या डोळ्यांना तो शब्द पांढराच दिसतो. प्रमाणपत्रावर टिंब होतं तोवर तो विनोद होता. टिंब गेलं आणि कचरू गेले.

लग्न रविवारी, आणि बुद्धभूषण मंगळवारी सकाळी घाम पुसत आले.

"वहिनी, जरा अडचण झालीय. चेतनची आत्या आहे, ठकूआत्या. त्याची आई तो दोन वर्षांचा असताना गेली, हिनंच वाढवला त्याला. तिला कुणीतरी पत्रिका वाचून दाखवली. ती म्हणते, विधवा बाई लग्न लावणार असेल तर मी मांडवात येणार नाही."

कांताबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. "भाऊजी, आपण बौद्ध ना?"

"आहोत की."

"छप्पन सालापासून. मग हे विधवेचं मध्येच कुठून आलं?"

"आलं नाही वहिनी," बुद्धभूषण म्हणाले. "राहिलं होतं."

मग बुद्धभूषण यांनी फोन काढला. "पण काळजीचं कारण नाही. दादा चांगले ठणठणीत आहेत. तुमचा दोघांचा एक फोटो काढतो आणि पाठवतो. दोन मिनिटांत मिटेल."

कचरू लगेच सरसावून बसले, गळ्यावरचा रुमालही नीट केला. फोटोची त्यांना पहिल्यापासून हौस.

"नको," कांताबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"फोटो नको. सांगायचंही नाही. भाऊजी, हे आहेत म्हणून मी चालते, म्हणजे उद्या हे नसले की मी चालणार नाही. मग माझी परीक्षा कशाला घेतली? यांचीच घ्यायची. आणि त्या प्रमाणपत्रावर खाली एक ओळ छापा, ‘नवऱ्याचा श्वास चालू असेतोवर वैध.’"

"तत्त्व बरोबर आहे हो तुमचं," बुद्धभूषण काकुळतीला आले. "पण लग्न रविवारी आहे."

ते कांताबाईंनाही ठाऊक होतं. सहा वर्षांत हातात आलेलं पहिलं लग्न, आणि ते आपण आपल्याच हातानं घालवतोय, हेही ठाऊक होतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मोठं बोलून बसले खरं, पण ज्याच्या जिवावर बोलले त्याला काय वाटलं असेल? जिवंत माणसाला मेलेला ठरू द्यायचं म्हणजे काही लहान गोष्ट नव्हती.

कचरू पाटीवर लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी पाटी बुद्धभूषण यांच्याकडे वळवली. ‘मी मेलो तर मेलो. बाई जिवंत आहे ना?’

संध्याकाळी अक्षता आली. "बाई, मला सगळं कळलं. तुम्ही म्हणाल तसंच. चेतनलाही सांगितलंय, आत्याकडे एक शब्द काढायचा नाही. तो तयार आहे. पण तो म्हणतो, आत्या मांडवात नसेल तर माझ्याच्यानं उभं राहवणार नाही." तिचे डोळे भरून आले. पंधरा जणांची टीम सांभाळणं निराळं.

"मग मीच भेटते त्यांना," कांताबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गाडीतळावरून बस धरून त्या लोणी काळभोरला गेल्या. कपाळ मोकळं, गळ्यात काही नाही. शिबिराहून आल्यापासून त्यांनी कुंकू आणि मंगळसूत्र दोन्ही सोडलं होतं, ते तत्त्वासाठी. पण ओसरीवर मेथी निवडत बसलेल्या ठकूआत्यानं ते पाहिलं आणि तिला जे समजायचं ते समजलं. सत्तरीची, काटकुळी, पांढऱ्या लुगड्यातली बाई. तिनं बसायला पोतं सरकवलं. कांताबाईंनी न विचारता मेथीची एक जुडी ओढून घेतली.

दोघी पानं खुडू लागल्या.

"राग नका धरू," आत्याच आधी बोलली. "तुमच्यावर माझं काय न्हाई. म्या बी तसलीच हाय. सत्ताविसाव्या वर्षी गेलं आमचं मालक. तवापास्नं कुठल्या लग्नात म्होरं उभी राह्यली न्हाई. माझ्या सवताच्या लेकीचं लगीन म्या सैपाकाच्या खोलीच्या फटीतनं बघितलं. कुणी म्हणलं न्हाई, आत बस. म्याच बसले. लेकीला काय व्हायला नगं. आता चेतन हाय. त्याला काय व्हायला नगं, एवढंच."

कांताबाई घरून भांडणाची तयारी करून निघाल्या होत्या. बसमध्ये मुद्देही जुळवले होते. ते सगळे मुद्दे पोत्यावरच राहिले. ही बाई अडवत नव्हती, भीत होती. हिनं स्वतःला चाळीस-बेचाळीस वर्षं फटीमागे उभं केलं होतं, आणि आज दुसरी एक विधवा सगळ्यांच्या पुढे उभी राहते म्हटल्यावर तिला धडकी भरली होती. ‘माझे मालक आहेत’ हे तीन शब्द ओठाशी आले. पण ते उच्चारले की आत्याची भीती खरीच ठरणार होती. हां, मग चालतंय, असं म्हणून ती सुटकेचा श्वास टाकणार, आणि पुन्हा फटीमागे जाऊन उभी राहणार.

"तुमचं मालक कवा गेलं?" आत्यानं विचारलं.

खोटं बोलायची सवय नाही. कांताबाईंनी मेथीच्या काडीकडे बघत उत्तर दिलं, "सात वर्षं झाली त्यांचा आवाज ऐकून."

"अगं बाई," आत्या म्हणाली आणि हातातली पानं टाकून तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात तिथे होता तेवढा वेळ कांताबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आत्या, एक विचारते," त्या शेवटी म्हणाल्या. "चेतनला भरवलं कोणी?"

"म्याच की."

"न्हाऊमाखू घातलं, शाळेत पोचवलं, आजारपणात उशाशी बसलात. तुमच्या हातानं त्याला आजवर काय झालं?"

आत्या उठून आत गेली आणि चहा घेऊन आली. निघताना फक्त म्हणाली, "बघू."

परतीच्या बसमध्ये कांताबाईंनी कंडक्टरचे दोनदा आभार मानले. मन थाऱ्यावर नसलं की त्यांचं असं होतं. घरी येऊन त्यांनी सगळं सांगितलं. कचरूंनी लिहिलं, ‘आवाज ऐकून सात वर्षं! उत्तम.’ आणि पुसून पुन्हा, ‘म्हणजे आता मेलोच.’

"चेष्टा नको. त्या बाईला फसवलं मी."

कचरूंनी तेही पुसलं. मग, ‘लग्न झालं की सांग. मी बरोबर येईन.’

गुरुवारी लोणीहून निरोप आला. बाईंना येऊ द्या. मी येईन, पण मागे बसेन.

रविवारी सोलापूर रस्त्यावरचं कार्यालय दहालाच भरलं. कचरूंनी मयताच्या इभ्रतीला शोभेल असा साधा सदरा घातला होता आणि शेवटच्या रांगेत, वराकडच्या बाजूला, कोपऱ्यातली खुर्ची धरली होती. माळवाडीच्या लोकांना अक्षतानं आधीच दम भरला होता, दादांना कुणी ओळख द्यायची नाही. योगायोग असा की ठकूआत्याही मागेच बसायची म्हणून नेमकी त्याच रांगेत, त्यांच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. दोघांनी एकमेकांना हात जोडले. आत्या काहीतरी उन्हाळ्याबद्दल बोलली, कचरूंनी मान हलवली. गळ्याला रुमाल बघून तिला वाटलं, बिचाऱ्याचा घसा बसलाय.

कांताबाई पांढऱ्याशुभ्र साडीत मंचावर आल्या तेव्हा मांडवात थोडी कुजबुज झाली. त्यांनी ती बालवाडीत थांबवायच्या तशी थांबवली, म्हणजे काहीही न बोलता नुसतं बघून. मग म्हणाल्या, "मेणबत्ती लावायला वराला ज्यांनी वाढवलं त्यांनी पुढं यावं."

कुणी उठलं नाही. चेतननं मागे वळून पाहिलं. शेवटच्या रांगेत आत्या खाली बघत बसली होती, दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून.

"आम्ही थांबलोय," कांताबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "त्यांच्याशिवाय सुरुवात करायची नाही, असं मी ठरवून आलेय. ऊन वाढेल, पण थांबू."

मग शेजारचे म्हातारे गृहस्थ उठले. त्यांनी आपली खुर्ची बाजूला ओढली, पुढची दोन माणसंही हातानं सरकवली, आणि आत्यासमोर वाट मोकळी करून हात जोडून उभे राहिले. आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मंचाकडे पाहिलं. तिथे तिच्याचसारखी एक बाई सगळ्यांसमोर ताठ उभी होती आणि आभाळ काही कोसळलं नव्हतं. ती उठली. चालत पुढे आली. मेणबत्ती लावताना काडी दोनदा विझली, तिसऱ्यांदा चेतननं हाताचा आडोसा धरला.

पुढचं सगळं सुरळीत झालं. त्रिशरण, पंचशील, दोघांच्या प्रतिज्ञा. अक्षतानं तिच्या एवढ्या खणखणीत म्हटल्या की चेतनला आपलाही आवाज वाढवावा लागला. हार घातले गेले. लोकांनी मुठीत फुलं घेतली आणि कांताबाईंनी जयमंगल गाथा सुरू केल्या. पहिली झाली. दुसरी झाली.

आणि तिसरीशी त्या अडकल्या.

अठ्ठावीस वर्षं जी त्यांनी दुसऱ्याला सांगितली, सहा वर्षं जी झोपेतही म्हटली, ती गाथा एकाएकी कुठे गेली कळेना. फुलं मुठीत. मागे तबक घेऊन कुणी बसलेलं नव्हतं. मुंढव्याचा पोरगा पाहुण्यांत बसला होता, त्यानं मान वर केली. कांताबाईंनी शेवटच्या रांगेकडे पाहिलं.

कचरू उभे होते. आवाज नसलेला तो माणूस अडीचशे लोकांच्या मागे खुर्चीजवळ उभा राहून, उजवा हात नाकाशी नेऊन, अत्यंत गंभीर चेहऱ्यानं सोंड हलवत होता.

कांताबाईंना हसू आलं, डोळ्यांत पाणी आलं आणि गाथा आली, सगळं एकदमच. उरलेल्या गाथा त्यांनी अशा म्हटल्या की जुनी माणसं एकमेकांना म्हणाली, कचरूदादांची आठवण आली. फुलं पडली. ‘साधू, साधू, साधू’च्या गजरात लग्न लागलं.

पण मंचाशी उभ्या असलेल्या ठकूआत्यानं बाईंची नजर कुठे गेली ते पाहिलं होतं, आणि सोंडही पाहिली होती. गर्दी पांगल्यावर तिनं कांताबाईंना गाठलं.

"ते हत्ती करणारं कोन?"

कांताबाईंनी हातातली फुलं तबकात ठेवली. "आत्या, तुम्हाला सांगायचंच होतं आज. या माझ्याबरोबर."

कचरू कोपऱ्यात पाटी मांडीवर घेऊनच बसले होते. त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. आत्याला वाचता येत नव्हतं, म्हणून अक्षताबरोबर मागोमाग आलेल्या चेतननं मोठ्यानं वाचलं, "श्रीमतींचा श्री."

कांताबाईंनी सगळं सांगितलं. घशाची गाठ, आवाज, पत्रिकेतलं टिंब. आपण लोणीच्या ओसरीवर गप्प का राहिलो ते सांगितलं. "खोटं बोलले नाही, पण खरंही बोलले नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही माझ्या गुडघ्यावर हात ठेवलात तो मी चोरून घेतला. माझी चूक झाली. माफ करा."

आत्यानं कचरूंकडे नीट निरखून पाहिलं. मग कांताबाईंच्या मोकळ्या कपाळाकडे. आता ही बाई रागावून निघून जाणार, असं अक्षताला वाटलं आणि तिनं चेतनचा हात धरला.

"म्हंजी तुमचं कुकू शाबूत हाय," आत्या सावकाश म्हणाली. "एक शबूद बोलला असता तर सुटला असता. लगीन हातचं जात व्हतं तरी बोलला न्हाई."

"नाही बोलले."

"समदं शाबूत असून माझ्या पंगतीला येऊन बसला." तिनं पुन्हा एकदा त्यांच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं. "आजवर कुनी बसलं न्हवतं."

कांताबाईंनी तोंड उघडलं. कंडक्टरपासून किराणावाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानणारी ही बाई, पण तिला त्या वेळी एक शब्द सुचला नाही. तिनं नुसता आत्याचा हात हातात घेतला.

तेवढ्यात बुद्धभूषण पहिल्या पंगतीची पानं मांडली म्हणून सांगायला आले. आत्या सवयीनं म्हणाली, तुमचं होऊ द्या, मी बसते शेवटी. कचरूंनी पाटी पुसली, काखेत मारली, आणि पुढे जाऊन पानांसमोरच्या तीन खुर्च्या ओढून ठेवल्या. मधली आत्याची.